मुंबईहून वडगावपर्यंत: १७७८-७९ च्या इंग्रज फौजेचे मुक्काम कसे शोधायचे

वडगाव मावळला जायचं, विजयस्तंभ आणि महादजी शिंद्यांचा पुतळा बघायचा, फोटो काढायचा आणि पुण्याकडे निघायचं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाशी बहुतेकांची ओळख एवढ्यावर थांबते. पण वडगाव हे त्या चालीचं शेवटचं ठिकाण. फौज निघाली आपल्या मुंबईतून, आणि तिचा सबंध रस्ता अजूनही लोकल, एसटी आणि थोडी पायपीट यांच्या आवाक्यात आहे. पनवेल, खोपोली, खंडाळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव ही नावं आपण दर शनिवारी-रविवारी ओलांडतो. तिथे उतरून बघायचं काय आणि कसं, हे नव्याने या नादाला लागणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. राघोबादादांना पेशवाईवर बसवायचं म्हणून मुंबईच्या कौन्सिलने फौज पाठवली. गव्हर्नर होता विल्यम हॉर्नबी. आपला दादाभाई नौरोजी रस्ता पूर्वी हॉर्नबी रोड होता, तोच हा. मोहिमेचा कारभार तिघांच्या समितीकडे होता: सेनापती कर्नल चार्ल्स एगर्टन, जॉन कारनॅक आणि थॉमस मॉस्टिन. पुण्याच्या दरबाराची माहिती असलेला एकटा मॉस्टिन. तो आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ ला वारला. उरलेल्या दोघांचं आपसात पटत नव्हतं. समोर नाना फडणीस, महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके. फौज तळेगावपर्यंत पोचली, तिथून मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली. १६ जानेवारी १७७९ च्या सुमारास तह करून सुटली.

पहिलं काम: चाल कुठली ते पक्कं करा

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण निम्मा गोंधळ इथेच होतो. बोरघाटातून इंग्रज फौजा एकदाच गेल्या नाहीत. १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने बोरघाट घेतला होता. त्याची फौज घाटाखाली तळ देऊन राहिली आणि एप्रिलमध्ये मराठ्यांचा मार खात पनवेलकडे परतली. त्यामुळे खोपोलीच्या परिसरात ‘इंग्रजांचा तळ’ असा उल्लेख सापडला, तर आधी साल बघा. तो दोन वर्षांनंतरचा असण्याची शक्यता बरीच आहे. दुसरा घोळ उंबरखिंडीचा. १६६१ ची मोगल सरदार कारतलबखानाची फजिती शेजारच्या कुरवंडे घाटाच्या वाटेवर झाली, ती वाट वेगळी. तिसरा घोळ नावाचा. जुन्या कागदांत बोरघाटाला भोर घाट लिहितात. पुण्याच्या दक्षिणेकडच्या भोर गावाशी त्याचा काही संबंध नाही.

तारखांचा कणा

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक पानावर पाच रकाने आखा: तारीख, तिथी, कागदातलं नाव, आजची जागा, खात्री. पहिल्या पानावर उतरवायच्या ठळक नोंदी या:

२२ नोव्हेंबर १७७८: कॅप्टन जेम्स स्टुअर्टची आघाडीची तुकडी मुंबईहून बोटींनी आपट्याकडे. महिना संपायच्या आत बोरघाट तिच्या ताब्यात. मुख्य फौज पनवेलला.
२३ डिसेंबर: सगळी फौज घाट चढून खंडाळ्याला.
३१ डिसेंबर: वाटेवरच्या चकमकीत लेफ्टनंट कर्नल के प्राणघातक जखमी.
४ जानेवारी १७७९: कार्ल्याला स्टुअर्ट तोफगोळ्याने ठार.
६ जानेवारी: एगर्टनने तब्येतीमुळे सूत्रं सोडली, लेफ्टनंट कर्नल कॉबर्न सेनापती.
९ जानेवारी: तळेगाव.
११ जानेवारी, रात्री ११: माघार.
१२ ते १६ जानेवारी: वडगाव.

या तारखांकडे नुसतं बघितलं तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. खंडाळा ते कार्ला म्हणजे आठ मैल, फार तर तेरा किलोमीटर. तेवढ्याला अकरा दिवस! सगळ्या शोधाचा गाभा हे अकरा दिवस आहेत असं माझं मत आहे. वडगावच्या लढाईवर खूप लिहिलं जातं, या तेरा किलोमीटरवर फारसं कोणी थांबत नाही.

कागद कुठे बघायचे

मुंबईकरांना हे सोपं आहे. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुरालेखागार आहे. मुंबई सरकारचा जुना पत्रव्यवहार तिथे आहे. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा, आणि जाण्याआधी वाचनकक्ष चालू आहे का ते विचारून घ्या. जरा पुढे टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. पण पहिल्याच दिवशी मूळ दप्तराला हात घालू नका. आधी ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास आणि जुनी जिल्हा गॅझेटिअर वाचा. ती घरबसल्याही वाचता येतात. एक खूणगाठ मात्र बांधून ठेवा. १८८२ मध्ये पनवेल आणि खोपोली ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे त्यांची माहिती ठाण्याच्या खंडात मिळेल. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा, तेव्हा कुलाब्याचा खंड बघू, असं करायला गेलात तर हात हलवत परत याल.

इंग्रजी कागदांत गावांची नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. वडगावचं वरगॉम होतं, खोपोलीचं कॅम्पोली. एकच गाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी दिसलं तरी घाबरू नका. नाव मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा कान पकडतो.

मराठी पत्रांची अडचण वेगळी. त्यांत इसवी तारीख नसते. तिथी असते, नाहीतर ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र आणि त्यासोबत सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारं अरबी नावांचं वर्ष. आपली चाल शके १७०० मधली, आणि सुहूर सन ११७९, म्हणजे ‘तिसा सबैन मया व अलफ’. ही चार अक्षरं डोक्यात बसली की पेशवे दप्तरातलं पत्र आपल्या कामाचं आहे की नाही ते पहिल्या ओळीत कळतं. जानेवारी १७७९ चे निर्णायक दिवस जिल्हेज महिन्याच्या उत्तरार्धात येतात. माघारीची ११ जानेवारी म्हणजे साधारण छ २२ जिल्हेज, तर आपल्या पंचांगाने पौष वद्य अष्टमी-नवमी. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो धरून चाला.

दोन्ही बाजूंचे कागद जुळवताना कोणाचं कशासाठी ऐकायचं हे आधी ठरवलेलं बरं. फौजेत कोण होतं, किती तोफा होत्या, कोण मेलं यासाठी इंग्रजी कागद. ती फौज नेमकी कुठे अडकली होती, रसद कुठून तुटली यासाठी मराठी पत्रं, कारण त्यांना मुलूख ठाऊक होता. हरलेल्या अधिकाऱ्यांनी चौकशीसमोर दिलेल्या सफाया वाचायला मजेदार असतात. पण मुक्काम शोधताना त्यांतलं भूगोलापुरतंच घ्या.

बैल मोजा

नवखा माणूस तलवारी आणि तोफा शोधत फिरतो. माझा सल्ला: बैल शोधा. फौज जेमतेम ३९०० ची, त्यात युरोपीय सहाशेच्या आत. पण तोफा ओढायला आणि सामान वाहायला १९ हजारांवर बैल होते. शिवाय बाजारबुणगे आणि राघोबादादांचा लवाजमा. एवढं लटांबर पाण्याशिवाय आणि चाऱ्याशिवाय एक रात्र काढू शकत नाही.

आता वहीत गणित मांडा. एका बैलाला दिवसाला कमीत कमी ३० लिटर पाणी धरा. १९ हजार बैलांना ५ लाख ७० हजार लिटर झालं, म्हणजे आपल्या सोसायटीत येतात तसे दहा हजार लिटरचे ५७ टँकर, रोज. वैरण डोक्याला पाच किलो धरली तरी ९५ टन. जागा एका बैलाला चार चौरस मीटर दिली, तर नुसत्या बैलांनाच जवळपास १९ एकर सपाट जमीन हवी. तंबू, तोफा, दारूगोळा आणि बाजार त्यात धरलेले नाहीत.

रस्त्यावरची लांबी तर आणखी बोलकी आहे. चार-चार बैल शेजारी चालवले आणि प्रत्येक ओळीला तीन मीटर दिले, तरी रांग चौदा किलोमीटरच्या वर जाते. खंडाळा-कार्ला अंतरच तेरा! म्हणजे तोंड कार्ल्याला पोचलं तरी शेपूट खंडाळ्यातून हललेलं नसणार. सगळे बैल एकाच दिवशी रस्त्यावर नव्हते हे खरं, तरीही त्या अकरा दिवसांचा उलगडा इथून सुरू होतो. एगर्टनने फौजेचे दोन भाग केले होते. पुढचा भाग थोडा सरकायचा, मग मागचा त्याने सोडलेल्या तळावर यायचा. दिवसाची सरासरी पाऊण मैल. भित्रेपणा आणि आपसातली भांडणं हीही कारणं होतीच. मात्र सगळा दोष एगर्टनच्या प्रकृतीवर टाकणाऱ्यांनी एकदा ही बैलांची रांग मोजून बघावी.

मुक्काम शोधण्याचा नियम यातून आपोआप निघतो. पौषात वाहतं किंवा भरपूर साठलेलं पाणी, त्याच्या दोन्ही अंगांना निदान तीस-चाळीस एकर सपाटी, आणि जवळ गाव. या तीन गोष्टी एकत्र नसतील तर तिथे मोठा तळ पडला नव्हता असं धरायला हरकत नाही.

नकाशावरून आजचं खोडून टाका

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. त्यांवर समोच्च रेषा असतात आणि ओढेही दिसतात. फोनवरच्या नकाशापेक्षा इथे ते जास्त कामाचे. पारदर्शक कागद ठेवून फक्त नद्या, ओढे, गावठाणं आणि उतार गिरवा. एक्स्प्रेसवे, रेल्वे, बंगल्यांच्या वसाहती गिरवायच्या नाहीत.

धरणांच्या बाबतीत जास्त सावध राहा. लोणावळ्याच्या आसपासचे मोठे तलाव आणि वळवणचं धरण टाटांच्या वीज योजनेचं, म्हणजे विसाव्या शतकातलं. १७७८ मध्ये त्यांतलं काही नव्हतं. याचा परिणाम घाटाखालीही होतो, आणि तो पटकन लक्षात येत नाही. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. वीज तयार झाल्यावर ते पाणी पाताळगंगेत सोडतात. म्हणून आज उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहताना दिसते. ते पाणी बघून ‘इथे हजारो बैल सहज राहिले असतील’ असं लिहून टाकू नका. तेव्हाची डिसेंबरमधली पाताळगंगा यापेक्षा बरीच बारीक असणार. डोह आणि विहिरी शोधा.

खाडीकडेही तेच. पनवेलची खाडी गाळाने भरत गेली, शेजारी शहर वाढलं, आणि नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून नदीचं पात्र वळवलं. तिथली आजची किनाररेषा १७७८ ची म्हणून वापरता येणार नाही.

आता निघा: खाडीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत

दिवस निवडायचे ते डिसेंबर-जानेवारीतले. ऋतू तोच असला की पाण्याचा आणि गवताचा अंदाज बरोबर येतो. पावसाळ्यात मावळ सुंदर दिसतो खरा, पण तेव्हा प्रत्येक खाचर तळं असतं आणि शोध वाया जातो.

सुरुवात मुंबई बंदरापासून. जुना बॉम्बे कॅसल नौदलाच्या हद्दीत आहे, तिकडे आत जाता येत नाही. भाऊच्या धक्क्यावर उभं राहून पूर्वेकडे बघा, तेवढं पुरे. मग हार्बर लाइनने बेलापूरला उतरा. किल्ले गावठाणातला बेलापूरचा पडका किल्ला पनवेल खाडीच्या तोंडावर आहे. बोटी कुठून आत वळत असतील ते तिथून समजतं.

भरतीचं गणित इथेच करून घ्या. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. २२ नोव्हेंबर १७७८ ला मार्गशीर्षातली शुद्ध तृतीया-चतुर्थी येते. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी अडीच-तीनच्या सुमारास बंदरात पूर्ण भरती. भरतीचं पाणी खाडीत चढायला लागलं की त्यावर बोटी आत न्यायच्या. आपट्याला जाताना हेच गणित चालत असणार.

आपटा का, असा प्रश्न पडेल. नकाशा उत्तर देतो. आपटा पाताळगंगेच्या काठी आहे, आणि ती नदी धरून वर चालत गेलं की माणूस खोपोलीला, म्हणजे घाटाच्या बुडाशी पोचतो. हलक्या तुकडीला हे सोयीचं. तोफा आणि बैल मात्र पनवेलसारख्या नांदत्या बंदरात उतरवलेले बरे. पनवेल-रोहा मार्गावर आपटा स्टेशन आहे. गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा.

पनवेल ते खोपोली म्हणजे बारा-तेरा कोस. चौक आणि खालापूर ही वाटेतली स्वाभाविक मुक्कामाची गावं. एसटीने जा आणि दोन्ही ठिकाणी उतरून नदी-ओढा किती दूर आहे तेवढं बघा. या टप्प्यावर जास्त वेळ घालवू नका. कारखाने आणि गोदामं इतकी झाली आहेत की जमिनीचा मूळ चेहरा वाचणं कठीण जातं. खोपोलीला मात्र थांबा. तिथलं मोठं तळं आणि महादेवाचं देऊळ नाना फडणिसांनी बांधलं. घाटाच्या पायथ्याशी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी लागतं हे नानांना पक्कं कळलेलं होतं. तळं दिसलं म्हणून इंग्रजांचा मुक्काम त्याच्या काठावर टाकू नका, एवढंच.

घाट

आज आपण ज्या रस्त्याने घाट चढतो तो या फौजेच्या वेळी नव्हता. तोफांना चालेल असा रस्ता इंग्रज जनरल वेलस्लीने १८०४ मध्ये करवला. गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० मध्ये खुला झाला. रेल्वे १८६३ ची. २०२० मध्ये पाडलेला अमृतांजन पूलसुद्धा १८३० चा. १७७८ मध्ये होती ती लमाणांची, बैलांची वाट. तीवरून तोफा चढवण्यासाठी रस्ता करण्यात फौजेचा डिसेंबर गेला. पायथा ते माथा सुमारे पाचशे मीटरचा चढ आहे.

घाटात चालत शोध घेण्याच्या फंदात नवख्यांनी पडू नये. रेल्वेच्या रुळांवरून चालणं गुन्हा आहे. एक्स्प्रेसवेवर पादचाऱ्यांना आणि दुचाकींना बंदी आहे. जुन्या रस्त्याच्या वळणांवर ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. खोपोलीहून बसने वर या, वाटेत शिंगरोबाच्या देवळाशी हात जोडा. रेल्वेच्या आखणीसाठी ज्या धनगराने वाट दाखवली असं सांगतात, त्याचं हे ठाणं. माथ्यावर राजमाची पॉइंटला उतरा. समोर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतील. घाटातली हालचाल वरून किती उघडी पडते ते इथे उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

खंडाळा ते कार्ला: इथे दोन दिवस द्या

खंडाळ्यापासून पुढे उतार-चढ सौम्य होतात आणि इंद्रायणीचं खोरं सुरू होतं. लोणावळ्याचं गजबजलेलं शहर डोळ्याआड करून नदी आणि तिला मिळणारे ओढे धरा. दर एक-दीड किलोमीटरवर थांबायचं आणि तेच तीन प्रश्न विचारायचे: पाणी, सपाटी, गाव. दिवसाला पाऊण मैल सरकणाऱ्या फौजेचे तळ असेच, अगदी जवळजवळ असणार. प्रत्येक दिवसाचा वेगळा तळ शोधायचा हट्ट धरू नका. दोन तुकड्या आलटूनपालटून पुढे सरकत होत्या, त्यामुळे एकच माळ दोनदा वापरला गेला असेल.

३१ डिसेंबरला तिथे जायचा मोह होईल, कारण त्याच तारखेला के जखमी झाला. जाऊ नका. त्या दिवशी लोणावळ्याची वाहतूकही एगर्टनच्याच वेगाने चालते.

कार्ल्याला लोकलने जायचं तर लोणावळा-पुणे गाडीने मळवलीला उतरा. एकवीरेच्या दर्शनाला मुंबईहून आपण येतोच. या वेळी पायऱ्या चढताना मध्येच मागे वळा. खाली इंद्रायणीचं रुंद खोरं, समोर लोहगड आणि विसापूर. वहीत इथून एक हातचित्र काढा: नदीचं वळण, सपाट पट्टा, रस्ता. फौज या खोऱ्यातून सरकत असताना मराठी घोडदळ समोरासमोर भिडत नव्हतं. ते कडेकडेने राहून तोफा डागत होतं, वैरण आणि रसद तोडत होतं. पायऱ्यांवरून हा डाव अगदी सहज उलगडतो.

इथेच ४ जानेवारीला स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं, शत्रूच्या धाडसाला मनमोकळी दाद दिली. झाडावर चढून तो टेहळणी करत असताना गोळा लागला असं सांगतात. त्याची समाधी मात्र आज वडगावला, पोलीस ठाण्याच्या आवारात दाखवतात. पडला एका गावी, आठवण जपली दुसऱ्या गावाने. म्हणून वहीत ‘स्मारक’ आणि ‘घटनास्थळ’ हे दोन वेगळे शब्द ठेवा, एकाच खुणेखाली दोन्ही घालू नका.

कामशेत, तळेगाव आणि माघार

कार्ल्यापुढचं खडकाळे म्हणजे आजचं कामशेत. ग्रामपंचायत अजून खडकाळे नावानेच आहे. सेनापती बदलला तो याच टप्प्यात. स्टेशनवर उतरून नदीपर्यंत फेरी मारा आणि पुढची गाडी पकडा. फार खोदत बसायला इथे हाताला लागत नाही.

तळेगावला फौज ९ जानेवारीला पोचली तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून मोकळं केलं होतं. दाणा नाही, वैरण नाही. चिंचवड आणि पुणंही वेळ पडली तर पेटवायची तयारी होती. पुणं उरलं होतं अवघे १८ मैल, आणि फौजेजवळ १८ दिवसांचा शिधा होता. तरीही कारनॅकने माघार ठरवली. माणसांचा शिधा असला तरी १९ हजार जनावरांचं काय, हा प्रश्न तळेगावच्या माळावर उभं राहून स्वतःला विचारून बघा. जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामानाला आग लावली आणि ११ जानेवारीच्या रात्री ११ ला फौज मागे वळली.

त्या रात्री चंद्र कधी उगवला असेल? वद्य अष्टमी-नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर वर येतो. म्हणजे निघताना पूर्ण काळोख. वेळ बहुधा मुद्दाम निवडलेली. तरीही मराठ्यांना सुगावा लागलाच. कॅप्टन हार्टलेची पिछाडी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी झुंजत राहिली, आणि फौज कशीबशी वडगावात शिरली.

हा टप्पा पायी करण्यासारखा आहे. तळेगाव ते वडगाव अंतर चार-पाच किलोमीटरच. गावातल्या रस्त्यांनी, दिवसाउजेडी, सावकाश गेलात तरी दीड तासात पोचाल. बैल, तोफा, बुणगे घेऊन अंधारात लढत जाणाऱ्यांना तेच अंतर किती लांब झालं असेल याचा हिशेब पाय देतात. वडगावात पोलीस ठाण्यात समाधी बघायची असेल तर आधी ठाणे अंमलदाराला विचारा. ते चालू ठाणं आहे, त्यांच्या कामात अडथळा नको, आणि परवानगीशिवाय फोटो नको.

गावात विचारायचं कसं

“इथे इंग्रजांचा तळ होता का हो?” असं विचारलंत की उत्तर “होय” येणार. पाहुण्याला नाराज कोण करेल? त्याऐवजी शेतांची नावं विचारा. “काका, या माळाला काय म्हणतात? पौषात पाणी कुठल्या विहिरीला टिकतं? पूर्वी बैलगाड्यांची वाट कुठून जायची?” छावणी, तळ, पडाव, तोफ असा शब्द नावात आपसूक आला तर लिहून घ्या आणि बाजूच्या गावातही तोच पडताळा. जुन्या आमराया, बारव, ओढ्याकाठची देवळं विचारा. म्हातारी बाई भेटली तर तिलाच आधी विचारा. पाण्याची माहिती पुरुषांपेक्षा तिला जास्त असते. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर शिव, ओढे आणि जुन्या पायवाटा दिसतात.

शेतात शिरायचं तर मालकाला विचारून. मेटल डिटेक्टर घेऊन जायचं नाही. खणायचं नाही. नांगराला लागलेला शिशाचा गोळा कोणी दाखवला तर फोटो काढा, जागा लिहा, वस्तू त्याच्याकडेच राहू द्या. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंबाबत १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, आणि अशी वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

खात्रीचा रकाना

घरी आल्यावर पाचवा रकाना भरायचा. तीनच खुणा ठेवा. दोन्ही बाजूंच्या कागदांत नाव आणि तारीख जुळली तर ‘पक्का’. एका बाजूचा कागद आणि पाणी-सपाटी-गाव जुळत असेल तर ‘बहुधा’. फक्त जमीन सांगते आहे, कागद नाही, तर ‘अंदाज’. खंडाळा, कार्ला, तळेगाव, वडगाव पक्क्यात जातील. मधले बरेच तळ पहिल्या फेरीत ‘अंदाज’ याच रकान्यात राहणार, आणि ते तसे लिहिणं हेच प्रामाणिक काम. फोनवरच्या नकाशात खुणा टाकताना तिन्हींना वेगळे रंग द्या, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच सगळं पक्कं वाटायला लागेल.

नकाशा तयार झाला की त्याची एक प्रत वडगाव किंवा तळेगावच्या वाचनालयात देऊन या. मग तीच वही उलट्या बाजूने उघडा आणि पहिल्या पानावर लिहा: गॉडर्ड, १७८१, खोपोली ते पनवेल. रस्ता ओळखीचा झालेला असतो.